पोलिसांना जाब कोण विचारतो, आणि त्यांचा पगार कोण ठरवतो?

२०१६ च्या पोळ्याचा दुसरा दिवस. मी विदर्भातल्या आमच्या गावी गेले होते. सकाळी सहाच्या सुमारास कोतवाल अंगणात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पाटील, नाल्याकडच्या वावरात विहिरीत कोणीतरी दिसून राहिलं." मोठे बाबांनी चहाची बशी खाली ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. तेव्हा ते आमच्या गावचे पोलीस पाटील होते.

पोलीस ठाणं गावापासून बावीस किलोमीटरवर. मोठे बाबांनी फोन लावला, विहिरीभोवती जमलेली पोरं मागे हटवली, कोणाकडून दोर आणला, कोणाकडून बाज आणली. बीट जमादार पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. मग पंच, पंचनामा, सह्या. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. प्रेत शवविच्छेदनासाठी तालुक्याच्या रुग्णालयात न्यायचं होतं आणि गाडी काही मिळेना. शेवटी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर दिला. डिझेल मोठे बाबांनी भरलं. रात्री साडेनऊला ते घरी आले, अंघोळ केली आणि जेवायला बसण्याआधी खिशातून छोटी वही काढून लिहिलं: डिझेल ४००, चहा ६०, पेट्रोल १००.

"हे पैसे कोण देते तुम्हाले?" मी विचारलं.

"कोण देईन? पाटीलच देईन."

महिन्याला ३,००० रुपये मानधन होतं त्यांना. तेही चार-चार महिने अडकायचं आणि मग एकदम यायचं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पोलिसांविरुद्ध तक्रार घेऊन येणारी माणसं मला जवळपास रोज भेटतात. कोणाचा रिपोर्ट घेतलेला नसतो, कोणाला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलेलं असतं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, यांच्या वरती कोणी हाय का नाही?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे आणि ते मी खाली सांगणार आहे. पण ते नीट समजायचं असेल तर आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. पोलिसांच्या वरपासून खालपर्यंतच्या माणसांचे पैसे कोण ठरवतं? माणूस जाब देतो तो ज्याच्या हातात त्याचा पगार, बदली आणि बढती असते त्याला. गावाच्या हातात यातलं काय आहे, ते बघू.

आधी उतरंड. गावात पोलीस पाटील. दहा-पंधरा गावांचा बीट जमादार. ठाण्यात ठाणेदार. तीन-चार ठाण्यांवर उपविभागीय पोलीस अधिकारी. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, म्हणजे आपले एसपी साहेब. त्यांच्यावर परिक्षेत्राचे अधिकारी आणि सगळ्यांच्या वर मुंबईत पोलीस महासंचालक. आपल्या राज्यघटनेत पोलीस हा राज्याचा विषय आहे. पंचायत राजच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्यासाठी २९ विषयांची यादी दिली. त्यात रस्ते आहेत, शाळा आहेत, पिण्याचं पाणी आहे. पोलीस नाहीत. त्यामुळे सरपंच असो की जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, ठाणेदाराला कायद्याने आदेश देऊ शकत नाही. हे चांगलंच आहे, असं माझं मत आहे. का, ते पुढे येईल.

आता पैसे. एसपी बहुतेक वेळा भारतीय पोलीस सेवेतले असतात. त्यांची वेतनश्रेणी दिल्लीत ठरते आणि पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार या सेवेत नव्याने आलेल्या अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, वरिष्ठ वेतनश्रेणीत ६७,७०० आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावर ७८,८००. पोलीस शिपायाची श्रेणी राज्य सरकार ठरवतं: सुरुवात २१,७०० पासून. उपनिरीक्षकाची ३८,६०० पासून. यावर वर्षातून दोनदा सुधारणारा महागाई भत्ता, दरवर्षी साधारण तीन टक्क्यांची वेतनवाढ, घरभाडं. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना दीडपट वेतन. याला वेतन म्हणतात. ते नियमाने वाढतं, त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

पोलीस पाटलाला मिळतं ते मानधन. त्याला महागाई भत्ता नाही, वार्षिक वाढ नाही, निवृत्तिवेतन नाही. वाढवायचं तर मंत्रिमंडळाने ठरवायचं. २०१९ मध्ये ते ३,००० वरून ६,५०० झालं. मग पाच वर्षं एक रुपयाही वाढला नाही. १३ मार्च २०२४ च्या मंत्रिमंडळ बैठकीत ते १५,००० झालं. तीन दिवसांनी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. सरपंचांचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचं मानधन दुप्पट झालं, आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणूक जाहीर झाली. वाढ रास्त होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो माणूस गावात कायद्याचा चेहरा म्हणून उभा असतो, त्याची भाकरी निवडणुकीच्या तारखांवर अवलंबून राहावी हे मला मनापासून खटकतं. अशी वाढ हक्क म्हणून येत नाही. ती उपकार म्हणून येते, आणि उपकार लक्षात ठेवावा लागतो.

सरकारची अडचणही समजून घ्यायला हवी. राज्यात पोलीस पाटलांची ३८,७२५ मंजूर पदं आहेत. प्रत्येकाचं मानधन महिन्याला फक्त हजार रुपयांनी वाढवलं तर वर्षाला ४६ कोटी ४७ लाख रुपये लागतात. २०२४ ची वाढ ८,५०० ची होती. गुणाकार करून बघा, वर्षाला जवळपास ३९५ कोटी होतात. शिवाय एकाचं वाढवलं की तुलना सुरू होते. कोतवाल विचारतात, आशाताई विचारतात, अंगणवाडीताई विचारतात. आणि सरपंच? दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावात दुप्पट होऊनही सरपंचाचं मानधन महिन्याला ६,००० रुपयेच आहे. त्याच गावातला पोलीस पाटील १५,००० घेतो. एकाला अख्ख्या गावाने निवडून दिलंय, दुसरा परीक्षा देऊन नेमला गेलाय. यात कोणाचं काम जास्त मोलाचं, हे कोणत्या तराजूत तोलायचं?

इथे पोलीस पाटील या पदाबद्दल थोडं सविस्तर सांगते. माझ्या अनुभवात वकिलांनाही ते धड माहीत नसतं. वंशपरंपरेची पाटीलकी राज्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने संपली. त्यानंतर १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. आजचा पोलीस पाटील त्या कायद्याखाली नेमला जातो. दहावी पास, वय २५ ते ४५, त्याच गावचा रहिवासी, लेखी परीक्षा आणि तोंडी मुलाखत. वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत काम. नेमणूक एसडीओ, म्हणजे महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी, करतात. म्हणजे नावात पोलीस असला तरी तो ठाणेदाराचा माणूस नाही. कायद्याच्या कलम ६ मध्ये त्याची कर्तव्यं लिहिली आहेत. तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे व्यवहारात महसूल खात्याच्या, हुकमाखाली काम करतो. गावातले गुन्हे, लोकांचं आरोग्य आणि गावाची सर्वसाधारण स्थिती यांची खबर त्याने दंडाधिकाऱ्यांना द्यायची आणि पोलिसांना लागेल ती मदत करायची.

कायदा करणाऱ्यांनी इथे एक फार शहाणपणाची गोष्ट करून ठेवली आहे. गावातून वर जाणाऱ्या खबरीचे दोन रस्ते ठेवले: एक ठाण्यातून, दुसरा पोलीस पाटलाकडून तहसीलदार-एसडीओंकडे. जमादाराने रिपोर्ट घेतला नाही, ठाण्यात कोणाला विनाकारण बसवलं, तर हे वर सांगणारा एक माणूस गावातच आहे आणि तो ठाण्याच्या पगारावर नाही. गावपातळीवर पोलिसांवर नजर ठेवणारं याहून जवळचं पद मला तरी माहीत नाही.

पण ते पद चालतं कशावर? दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर.

विहिरीच्या त्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी, ज्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर दिला होता, त्याने पेरणीच्या दिवसांत शेजारच्या एका विधवा बाईचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, नांगराच्या दोन तासांइतका आत सरकवला. ती मोठे बाबांकडे आली. धुरा कुठे होता हे त्यांना नक्की माहीत होतं. लहानपणापासून त्या बांधावरची बोरं त्यांनी खाल्ली होती. तरीही त्या दिवशी ते इतकंच म्हणाले की मोजणी आणा, मग बघू. बाई गेली. रात्री मोठी आई त्यांच्याशी बोलली नाही. बऱ्याच दिवसांनी त्यांनीच मला सांगितलं, "त्यानं तीन येळा ट्रॅक्टर देल्ला होता, बाई. माह्या तोंडातून शब्दच निंघाला नाही."

मोठे बाबा लाच घेणारे नव्हते. आयुष्यात कोणाचा चहाही त्यांनी फुकट घेतला नाही. पण सरकारी कामाचा खर्च सरकारने दिला नाही, तो गावातल्या सधन माणसाने भागवला, आणि नेमक्या त्याच माणसाविरुद्ध बोलायची वेळ आली तेव्हा तोंड बंद झालं. कमी मानधनाचा हा खरा तोटा आहे. पाटलाच्या घरी चूल नीट पेटत नाही हे तर आहेच. त्याहून मोठं नुकसान त्या बाईचं झालं, जिचं नाव मानधनाच्या कोणत्याही हिशेबात येत नाही.

आता थोडं बाहेर बघू, कारण "आपल्याकडेही लोकांनीच पोलिसांचा पगार ठरवावा" असं म्हणणारे लोक मला भेटतात. अमेरिकेत लहान लहान शहरांनाही स्वतःचं पोलीस खातं असतं. पोलीस प्रमुखाला नेमायचं कोणी, त्याला किती द्यायचे, हे तिथलं नगर प्रशासन ठरवतं. बहुतेक राज्यांत ग्रामीण भागातला शेरीफ लोकच निवडून देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या कायद्याने निवडून आलेला पोलीस आयुक्त आणला. हा गणवेशातला अधिकारी नव्हे, लोकप्रतिनिधी. पोलीस प्रमुखाला नेमणं, काढणं त्याच्या हातात. नेमताना ठरलेल्या पगारापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त किंवा कमी देण्याची मुभाही त्याला. त्याचा स्वतःचा पगार मात्र तो ठरवत नाही. तो सरकार ठरवतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा जेमतेम पंधरा टक्के लोकांनी मतदान केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हे पदच २०२८ मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे एसपींचा किंवा ठाणेदाराचा पगार स्थानिक हातात द्यावा का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याची दोन कारणं मला इथे रोज दिसतात. पहिलं कारण गडचिरोली. पगार जिल्ह्याच्या ऐपतीवर ठरला असता तर जिथे सगळ्यात अवघड काम आहे तिथेच सगळ्यात कमी पैसे मिळाले असते. सगळ्या राज्याला एकच श्रेणी असल्यामुळे गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या शिपायाला निदान पुण्याच्या शिपायाइतकं मूळ वेतन मिळतं. दुसरं कारण तो ट्रॅक्टर. पोलीस पाटलाची जीभ चारशे रुपयांच्या डिझेलमध्ये अडकते, तर ठाणेदाराचा पगार गावातल्या चार वजनदार माणसांच्या सहीने निघू लागला तर काय होईल, याचा विचार करा.

मग कामावर पगार ठरवावा? म्हणजे गुन्हे कमी केले तर जास्त पैसे? ऐकायला बरं वाटतं. पण हा मार्ग पोलिसांच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचा आहे. ठाण्याच्या कागदावर दिसतात ते नोंदवलेले गुन्हे. घडलेले गुन्हे नव्हेत. आकडा कमी करायचा सोपा उपाय म्हणजे रिपोर्टच घ्यायचा नाही. "उद्या या, साहेब नाहीत", "घरचंच भांडण आहे, मिटवून टाका", "हे आमच्या हद्दीत येत नाही". माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका ही वाक्यं ऐकून आलेल्या असतात. आकड्यांवर पगार बांधला तर हीच वाक्यं बक्षीसपात्र ठरतील.

उलटा आकडा धरला तरी फसगतच. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. समजा एखाद्या ठाण्यात या वर्षी दारूच्या केसेस दुप्पट झाल्या. याचा अर्थ पोलिसांनी दुप्पट काम केलं, की गावात दुप्पट दारू आली? की एकाच म्हाताऱ्या मोहफूलवाल्या बाईला चार वेळा पकडलं आणि पेट्या उतरवणाऱ्याला एकदाही नाही? कागदावर यातला फरक दिसत नाही. तो दिसतो गावातल्या बायकांना, ज्यांना कोणाच्या घरामागे किती वाजता गाडी थांबते हे ठाऊक असतं. म्हणून पोलिसांच्या कामाचं मोजमाप गावाला विचारल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि ते पगाराला बांधलं तर खरं राहात नाही. पगार आणि मोजमाप या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्या लागतात: पगार नियमाने, जाब वेगळ्या वाटेने.

पगारानंतर येते बदली. पोलिसांमध्ये कोणालाही विचारा, खरी बक्षिसी आणि खरी शिक्षा पगारपत्रकात नसते, बदलीच्या आदेशात असते. मुंबई-पुण्याकडून विदर्भात बदली म्हणजे शिक्षा, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यात आपला अपमान आहे हेही विसरलोय. जो अधिकारी शिक्षा भोगायला आलाय तो गाव समजून कशाला घेईल?

या बदल्यांच्या खेळाला लगाम घालायचा सगळ्यात मोठा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी केला. प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांनी १९९६ मध्ये याचिका केली होती; दहा वर्षांनी निकाल आला. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यातले आपल्या कामाचे तीन. एसपी आणि ठाणेदाराला एका जागी किमान दोन वर्षं मिळावीत. उपअधीक्षकापर्यंतच्या बदल्या-नेमणुकांचा निर्णय पोलीस अधिकाऱ्यांच्याच मंडळाने घ्यावा. आणि पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकायला राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावं, ज्याची शिफारस बंधनकारक असेल.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. दोन वर्षांचा कालावधी आला, बदल्यांसाठीची आस्थापना मंडळं आली आणि पोलीस तक्रार प्राधिकरणही आलं. राज्य पातळीवर अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, खंडणी, भ्रष्टाचार, जमीन किंवा घर बळकावणं अशा तक्रारी तिथे करता येतात. पण खालचं प्राधिकरण जिल्ह्याला देण्याऐवजी महसूल विभागाला दिलं. म्हणजे नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांना मिळून एक आणि अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांना मिळून एक. सिरोंचापासून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. ज्याला ठाण्यात मार बसलाय, ज्याची रोजंदारी बुडतेय, त्याने तारखेला नागपूरला यायचं म्हणजे जाणं-येणं आणि मुक्काम धरून दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. न्यायालयाने "जिल्हा" हा शब्द विचार करून वापरला होता. तो बदलला तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान आपल्यासारख्या पसरलेल्या मुलखाचं झालं.

पोलिसांवर नजर ठेवण्याची गरज विदर्भाला कोणी बाहेरून शिकवावी लागत नाही. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात, बयान द्यायला आलेल्या एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाल्याचं प्रकरण घडलं. आरोपी दोन पोलीस. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, असा युक्तिवाद मान्य झाला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर पोलिसाने केलेल्या बलात्काराची वेगळी व्याख्या आली. संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाईने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं, असं ठरलं. अख्ख्या देशाचा कायदा आपल्या वडसा-देसाईगंजच्या एका पोरीमुळे बदलला. ती ठाण्यात एकटी पडली तेव्हा, तिच्या बाजूने वर कळवणारं त्या गावात कोणी असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता "वरती कोणी हाय का" याचं उत्तर. ठाण्यात रिपोर्ट घेतला नाही तर भांडत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तीच तक्रार लिहून टपालाने एसपींकडे पाठवता येते. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. तरीही हललं नाही तर तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात, कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते. मारहाण, बेकायदा अटक असेल तर तक्रार प्राधिकरण.

आणखी एक वाट आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं: प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, सगळीकडे. चित्रीकरण अठरा महिने जपायचं, आणि तेवढी सोय होत नसेल तर निदान एक वर्ष. त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर समिती. त्या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, एसपी यांच्यासोबत ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा प्रमुखही आहे. पोलीस ठाण्याच्या आत काय चाललंय हे बघायला गावांनी निवडून दिलेल्या माणसाला मिळालेली ही दुर्मीळ खिडकी. पण २०१७ साली निवडून आलेल्या अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे प्रशासक बसले. खिडकी होती, तिच्यापाशी उभं राहणारा माणूस नव्हता. जिथे अध्यक्ष असतील, तिथे आपल्या गटाच्या सदस्याला विचारा: या समितीची बैठक शेवटची कधी झाली? आपल्या ठाण्याचे कॅमेरे चालू आहेत का?

मानधनाबद्दल माझी मागणी दोन ओळींची आहे. ते महागाईला बांधून टाका, म्हणजे निवडणुकीची वाट बघावी लागणार नाही. आणि पंचनामा, प्रेत हलवणं, तालुक्याला जाणं-येणं याचा खर्च मानधनात न धरता वेगळा द्या, पावती दाखवली की महिन्याच्या आत. मानधन वाढलं तरी खर्च खिशातूनच जात असेल तर ट्रॅक्टरवाला पुन्हा लागणारच.

मोठे बाबा साठ वर्षांचे झाले आणि पदावरून उतरले. त्यांच्या जागी गावातलीच एक सून परीक्षा देऊन पोलीस पाटील झाली. बीए झालेली, दोन लेकरांची आई. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत रेल्वे फाटकाच्या पलीकडे एक अनोळखी म्हातारा मेलेला सापडला. तोच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आपणहून आला. तिने हात जोडून नको म्हटलं आणि तालुक्याहून भाड्याची गाडी बोलावली. संध्याकाळी ती मोठे बाबांना भेटायला आली तेव्हा मी घरीच होते. तिच्या वहीत चार रकाने होते: तारीख, काम, खर्च, कोणाला दिले. गाडीभाडं १,२००, आणि त्यासमोर पावतीचा नंबर. मोठे बाबांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. मग आत जाऊन आपली जुनी वही आणली आणि तिला दाखवली, डिझेल ४०० वाल्या पानापासून.